डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं

मांगीलालला मी फसवलं आणि त्याचा दोष डॉक्टरांवर जाऊ दिला. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. ऐकताय ना? मग मधे बोलू नका. मी तापट माणूस, एकदा थांबलो तर पुन्हा सुरू करणार नाही.

संस्थान विलीन झालं आणि आमच्या घरची पागेतली चाकरी गेली. देवासच्या एका जिनिंग कारखान्यात मी हमाल म्हणून लागलो. भांडत, घासाघीस करत कापसाच्या खरेदीपर्यंत चढलो. खरेदी मला शिकवली कारखान्याच्या जुन्या खरेदीदाराने, मांगीलालने. कन्नौदच्या बाजारात आम्ही भाव तोंडाने बोलत नसू. दोघांच्या हातांवर पंचा टाकायचा आणि खाली बोटं दाबून आकडा कळवायचा. कापसाच्या गाडीवाल्याशी बोलून मी येई आणि भाव असा मांगीलालच्या हातात देई. पंच्याखालचं बाहेर काढायचं नाही, एवढा एकच नियम.

पुढे कारखान्यात आजारपणाचा फंड निघाला. पगारातून थोडं कापायचं. आजारी पडल्यावर औषध आणि अर्धा पगार. पण आधी प्रत्येकाने डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं. लोक बिचकले — छातीत काही निघालं आणि शेठने काढून टाकलं तर? तेव्हा शेठशी भांडायला कोण उभं राहिलं? मी. डॉक्टरांना जे सापडेल ते त्यांच्या खोलीतच राहील, कचेरीत येणार नाही — ही अट मी शेठच्या तोंडून वदवून घेतली. बायाबापडे माझ्या शब्दावर तपासायला गेले. मांगीलालही गेला.

त्याच हंगामात कन्नौदची मुख्य खरेदी शेठने मला कबूल केली होती. दिली मांगीलालला. "मराठा, तेरा दिमाग गरम है," शेठ हसत म्हणाला, "उसका ठंडा." हे मला अजून डाचतं. खोटं कशाला बोलू?

आणि एके दिवशी मी पंच्याखाली मांगीलालची करंगळी दाबली, तर त्याला कळलंच नाही. पुन्हा दाबली. नख रुतवलं. तो आपला माझ्या तोंडाकडे बघतोय — भाव माझ्या डोळ्यांत सापडतो का म्हणून. मग कोणाला सांगू नको म्हणून विनवत हळूच म्हणाला, "कोई से कीजो मती, भिया. डाक्टर साब की दवा चालू हे. ठीक हुई जायगो."

कुष्ठ होतं. नुकतंच धरलेलं, बरं होण्यासारखं. डॉक्टरांनी त्याला फंडात घेतलं होतं, गोळ्या सुरू केल्या होत्या आणि तोंड बंद ठेवलं होतं. आणि मी? मी — सांगतोच आता — शेठकडे गेलो आणि म्हणालो, मांगीलालच्या करंगळीला जरा चटका लावून बघा.

वाटभर मी मनाशी म्हणत होतो, हे सगळ्यांच्या भल्यासाठी. माणूस स्वतःशीसुद्धा घासाघीस करतो, नाही का?

दुसऱ्या सकाळी आवारात शेठने सगळ्यांसमोर पेटती बिडी मांगीलालच्या करंगळीला टेकवली. तो हलला नाही. हलले ते बाकीचे — मागे. "डाक्टर ने बताया मुझे," शेठ म्हणाला. फंड शेठला नकोच होता. मांगीलालची नोकरी गेली आणि फंडावरचा विश्वासही — एका वाक्यात दोन्ही कामं झाली. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. बोललो नाही.

थांबा, अजून संपलं नाही. लोक चिडून डॉक्टरांच्या खोलीवर गेले. डॉक्टर दारात आले. "मी कोणाच्याही आजाराबद्दल काही बोलणार नाही," एवढंच म्हणाले. मी शेठला सांगितलं नाही, एवढं म्हणायचं तरी मांगीलालच्या दुखण्याबद्दल बोलावं लागलं असतं. ते त्यांनी केलं नाही. लोकांना वाटलं, चोरी पकडली गेली. आणि त्या गर्दीत सगळ्यात मोठ्याने कोण ओरडत होतं? "आम्ही अट घातली होती!" — तो आवाज माझा होता.

त्यानंतर डॉक्टरांना कोणी खरं सांगेना. सरकी काढायच्या रेचावरच्या बाया खोकला पदरात दाबून काम करू लागल्या. फंड बुडाला, डॉक्टर गाव सोडून गेले. कन्नौदची खरेदी मला मिळाली.

मांगीलाल लोहारद्याला बहिणीकडे गेला. गोळ्या तुटल्या. मागच्या वर्षी मी त्याला तिथल्या बाजारात पाहिलं. बोटं आत वळलेली. मी वळून जाणार, तेवढ्यात त्यानेच हाक मारली. "थारी मेहरबानी, भिया. म्हारे वास्ते डाक्टर से तू लड्यो." त्याच्यासाठी डॉक्टरांशी लढल्याचे आभार मी ऐकून घेतले. त्याच्याकडचा चहाही प्यालो.

आता सरकारी विमा येणार म्हणतात. पुन्हा तपासणी, पुन्हा डॉक्टर. आणि कारखान्यातली नवी पोरंही म्हणतात, डॉक्टरला काही सांगू नका, तो फोडतो. हे त्यांना कोणी शिकवलं? मी. म्हणून हे सगळं मी आधी लोहारद्याला जाऊन मांगीलालसमोर सांगणार आहे, मग कारखान्याच्या फाटकावर. तो थुंकला तर थुंकू दे. लोकांनी मला धरलं तर धरू दे.

आणि शेठजी, हे तुमच्याही कानावर जाईलच; तुम्ही अजून गादीवर बसता. माझं पाप मी तुमच्या माथी मारत नाही. पण सांगणारा कोण, हे तुम्हाला ठाऊक होतं. मग डॉक्टरांचं नाव का घेतलंत? उत्तर द्या — मला कचेरीत बोलावून नव्हे. आवारात या, आणि सगळ्यांसमोर द्या.