चाळीस जर्नलं, एकच चष्मा

सरांनी रेश्माचं जर्नल उघडलं आणि भर वर्गात मोठ्याने वाचायला लागले. "माझ्या हाताला पानी सुटलं." पानी! वर्ग हसला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, हे सायकॉलॉजीचं जर्नल आहे. तुमच्या पाचूबंदरचा मासळीबाजार नाही."

मीही हसले. होय, मी.

सर विभागप्रमुख. मी तासिका तत्त्वावर, म्हणजे जूनमध्ये बोलावलं तर मॅडम, नाहीतर घरी, पाचूबंदरच्या कोळीवाड्यात. मानसशास्त्राच्या पोरांना जर्नल लिहायला शिकवते.

आरशात बघून चांदणी गिरवायचा एक प्रयोग असतो. ज्याने गिरवली त्याने शेवटी आपल्याला काय वाटलं ते लिहायचं. आमच्याकडे तेही वरच्या वर्गाच्या जर्नलमधून उतरवतात. वर्षानुवर्षं एकच: "सुरुवातीला चष्म्यामुळे त्रास झाला, नंतर आनंद वाटला." चाळीस पोरं, चष्मा चौघांना! मीही याच कॉलेजात हेच उतरवून पास झाले. मला आजही चष्मा नाही.

यंदा माझं डोकं फिरलं. म्हटलं, मेल्यांनो, तुम्हाला काय वाटलं ते लिहा, घरी बोलता तसं लिहा. एकीनेच लिहिलं, रेश्माने. तिची आई माणिकपूरला मासळी विकते. "माझ्या हाताला पानी सुटलं. डोळे एक सांगत होते, हात दुसरंच करत होता. कॉलेजात आल्यापासून माझं असंच होतं. घरचं तोंड इथं चालत नाही." मी ते चारदा वाचलं. रडले.

आणि सरांनी त्यावर लाल काट मारली तेव्हा मी काय केलं? शेपूट घातलं. "रेश्मा, परत लिहून आण," म्हटलं. तिने आणलं. चष्म्यासकट.

परीक्षेआधी प्रत्येक जर्नलवर माझी सही लागते. 'हे काम विद्यार्थ्याने स्वतः केले आहे', त्याखाली. रेश्माचं जर्नल समोर आलं आणि पेन उचलवेना. स्वतःचीच शिसारी आली.

"सही करा," सर म्हणाले.

"नाही करत. हे खोटं आहे. सगळीच खोटी आहेत."

"मग जूनमध्ये यायची तसदी घेऊ नका."

सह्या दुसऱ्या मॅडमनी केल्या. दहा मिनिटांत. कुणाचं काही अडलं नाही. चाळीस जर्नलांतली एक ओळही बदलली नाही.

रेश्मा जिन्यात भेटली. "मॅडम, सर वाचत होते तेव्हा का नाही बोललात?"

विचारलं आणि ती तशीच जिना उतरून गेली. ती आता पुन्हा कधी स्वतःचं लिहील असं मला वाटत नाही. तिचं ते लिहिणं एकट्या सरांनी नाही मारलं, मीही मारलं.

दुसरं कॉलेज मिळेल, न मिळेल. मिळालं तरी तिथे असे सर असतीलच. पण यापुढे कुठल्याही पोरीचं लिहिलेलं कुणी हसण्यावारी नेलं, तर मी त्याच वर्गात, त्याच क्षणी, सगळ्यांदेखत त्याच्या हातातून ते जर्नल काढून घेणार आहे.