हैदराबादला ऐरण बघायला

चाळिशीत लोहारकाम शिकायचं ठरवलं तेव्हा घरच्यांनी ते हसण्यावारी नेलं. दगडावर पट्टी ठोकताना दगडच फुटला आणि कळलं, आधी ऐरण हवी. एवढ्यात मावशीचा हैदराबादहून फोन आला. "गौलीगुड्यात एक लोहार दुकान बंद करतायत. ऐरण बघायला उद्याच ये, परवा शहरबंद पुकारलाय."

तिकडचं राज्य दुभंगायचे ते दिवस, रोज कुठं तरी रास्ता रोको. गेलेली बस परत येईल याचा भरवसा नव्हता. नांदेडहून पहाटेची बस धरली. (उजवीकडची खिडकी घ्या, डावीकडे ऊन येतं.) निजामाबादपर्यंत रस्ता बरा होता. कामारेड्डीला घेतलेली इडली हातातच राहिली. ऐरण आधीच कुणी नेली असेल तर? रस्ताच अडवला तर?

स्टँडवर मावशी अंबरपेठहून येऊन उभी होती. आधी बाजारात एक नवी, रंगवलेली ऐरण पाहिली. ठोकली तर बद्द आवाज. बिडाची होती, अशी घेऊ नका, तडकते.

मग नरसिंगराव लोहारांकडे गेलो. वय सत्तरीचं. "ठोक के देखो अम्मा," ते म्हणाले. हातोडीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. वरून बेअरिंगची गोळी टाकली, ती उसळून जवळजवळ हातात परत आली. एक कड थोडी उडालेली होती, पण शिकाऊ माणसाला ते चालतं. भावही जमला. सकाळपासूनचा जीव भांड्यात पडला आणि पाणी प्यायला मी तिथंच टेकले. ऐरणीवर.

नरसिंगरावांनी माझ्या हातातली हातोडी काढून घेतली. मावशीनं कपाळावर हात मारला.

"उठो अम्मा. दसऱ्याकू इसकी पूजा करते हमारे में. चार पुश्तां इस पे रोटी खाए. नक्को, नई देता."

मी हात जोडले, माफी मागितली. डोळ्यांत पाणी आलं, आणि स्वतःचा रागही. मावशी म्हणाली, "पोरगी नादान है जी." चाळिशीची पोरगी.

शेवटी नरसिंगरावांनी कोपऱ्यातून रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा ओढून काढला. "इस पे सीखो. सौ कीले बनाओ. सीधे बने तो लेके आओ."

"तोवर ऐरण कुणी नेली तर?"

"दुकान बंद कर रऊँ अम्मा, इसकू थोडीच किसी के भी हाथ में दे रऊँ."

संध्याकाळची बस मिळाली. रूळ मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर दोनदा वाकून बघून गेला.

तो तुकडा आता अंगणात बाभळीच्या ओंडक्यावर ठोकलाय. शिकायला तेवढा पुरतो, हे खरंच सांगते. पहिले खिळे गांडुळांसारखे वाकडे झाले. मधल्या काळात राज्य वेगळं झालं, बस मात्र त्याच स्टँडवरून सुटते. हातोडी उचलण्याआधी रुळाला हात लावून नमस्कार करायची सवय कधी लागली, ते कळलंच नाही.

परवा शंभरावा खिळा झाला. तीन अजून वाकडे वाटतात, रात्रीतून उठून बघते. काल मावशीचा फोन होता. नरसिंगराव विचारत होते, "वो बैठने वाली अम्मा कब आती?"

खिळे फडक्यात बांधलेत. पहाटेच्या बसमध्ये तासन्‌तास बसेन. तिथं गेल्यावर मात्र उभीच राहीन.