पिण्याच्या पाण्यात पाय

गावकऱ्यांनो, इथे ओमानात आज सुट्टी होती म्हणून सकाळच्या बसने रुस्ताकला गेलो. खजुराच्या बागांतून फलजच्या, म्हणजे इथल्या पाटाच्या, कडेने तासभर चाललो.

पाय भाजत होते. पाट जिथे सुरू होतो तिथेच बूट काढले आणि पाण्यात पाय सोडून बसलो.

थोडं खाली एक म्हातारा ओमानी कॅन भरत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, भरलेला कॅन मातीत ओतला आणि वर आला. "ये पीने का पानी है भाई. पाँव नीचे धोने का."

एवढंच बोलला. वर मूठभर खजूर दिले, आणि पाणी निवळायची वाट बघत उन्हात बसून राहिला.

परतीच्या बसमध्ये ते खजूर हातात घेऊन बसलो आणि आठवलं. आपल्या पऱ्यावर, आम्ही कळशा भरायचो तिथे, बौद्धवाडीतल्या एका माणसाला माझ्या आजोबांनी काठीने मारलं होतं. मी बघत होतो. त्याने पाय बुडवले नव्हते, नुसतं ओंजळभर पाणी प्यायला होता.

आपल्या या ग्रुपवर त्या वाडीतलं एकही माणूस नाही, हे आज लक्षात आलं.

त्याचं नाव कुणाला माहीत आहे का?