पावतीवर माझं नाव नको

आमच्या घरात दूध चहापुरतंच यायचं. वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हमाल, आई तिथंच हळद निवडायला. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, लांब पल्ल्याचं पळायचे. पळून आल्यावर चहा-चपाती, की लगेच वर्ग. दोनदा मैदानातच चक्कर आली तेव्हा आई म्हणाली, "एक कायतरी सोड." पण फी माफ होती ती पळण्यावर. पळणं सुटलं की कॉलेजही सुटणार.

वडिलांच्या शेठांच्या कानावर हे गेलं. शेठ हळदीचे व्यापारी, जैन. कॉलेजच्या खेळाडूंना महिन्याला खुराकाचे पैसे देणारा एक ट्रस्ट आहे. तिथं ते मला आणि वडिलांना घेऊन गेले आणि चेक टेबलावर ठेवला.

"पावतीवर लिवा, ह्या पोरीच्या खुराकासाठी. आन् अंडी न्हाईत हं, दूध-बदाम!"

हिशेब बघणाऱ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "आवं शेठ, एकाच पोरीच्या नावानं दिलं तर आयकरात सूट न्हाई मिळायची. देणगी ट्रस्टला द्या. पोरं आमी चाचणी घेऊन निवडतो."

"मग हिला मिळंल न्हवं?"

"पळाली तर मिळंल."

वडील काकुळतीला आले. "शेठ, सूट ऱ्हाऊ द्या. तेवढं नाव घाला."

शेठ विचारात पडले. माझ्यापायी त्यांची सूट जावी, हे मला पटेना. मीच म्हणाले, "नाव नको. मी पळते."

बाहेर आल्यावर वडील एवढंच बोलले, "हातातलं घालवलंस की गं."

चाचणी कराडला झाली. चौघींनाच खुराक मिळणार होता. उंब्रजची एक पोरगी सुरुवातीपासून पुढं होती, ती शेवटपर्यंत कुणाला सापडली नाही. शेवटच्या फेरीत मी सहावी होते. वडील माझ्या चपला हातात धरून कडेनं पळत होते, "रेट, रेट!" दोघींना मागं टाकलं आणि रेषेपलीकडं जाऊन ओकले.

"चौथी म्हंजे आत न्हवं?" वडिलांनी तीनदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी शेठांनी बदामाची पिशवी धाडली. निरोप होता, "ह्याची पावती नको. वस्तूला सूट न्हाई म्हणं."

तीन वर्षं तो खुराक मला मिळाला. दर वर्षी चाचणी दिली, दर वर्षी पळून मिळवला. यंदा मी बी.कॉम. झाले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी.