अडखळलेलं बीए

लावण्या, सिद्धाराम आणि मी भेटलो की आधी सध्या कोण काय करतंय ते एकमेकांना विचारून घेतो. ते फार लवकर संपतं. चहा अजून गरमच असतो, घरी जायची कुणालाच घाई नसते, मग कॉलेजचे किस्से निघतात. आम्ही तिघांनी सोलापुरात एकाच वर्गात बसून बीबीए केलं. डिग्रीतनं मिळालं काय असं उद्या कुणी विचारलं, तर दाखवायला आमच्याकडं हे किस्सेच आहेत. नोकऱ्यांपेक्षा लई जास्त भरतील.

*

सिद्धाराम मैंदर्गीचा. घरी शेती, घरातलं बोलणं कन्नड. त्याच्या वडिलांना कुणीतरी सांगितलं होतं की बीबीए केलं की पोरगा थेट मॅनेजर होतो. पहिल्या सुट्टीला तो गावी गेला. किराणा दुकानापुढं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, काय शिकायलास?

"बीबीए," सिद्धाराम म्हणाला.

म्हाताऱ्यानं त्याला जवळ बसवून घेतलं. मग मायेनं म्हणाला, "सावकाश सांग की. घाबरतोस कशाला? बीए म्हनायचंय न्हवं?"

सिद्धारामनं मान हलवली. वडिलांनी नंतर चारचौघांत दुरुस्ती करायचा प्रयत्न केला, तर बापही अडखळतोय असं गावाचं मत पडलं. त्यानंतर दोघांनीही नाद सोडला. मैंदर्गीत सिद्धाराम आजही बीए आहे.

*

आम्हाला मार्केटिंग शिकवायला बिराजदार सर होते. मुलाखतीची तयारीही तेच करून घ्यायचे. तासिका तत्त्वावर होते, म्हणजे जेवढे तास घेतील तेवढाच पगार, सुट्टीत काहीच नाही. सकाळी आमच्याकडं, दुपारी दुसऱ्या कॉलेजात. हेल्मेट टेबलावर ठेवता ठेवताच शिकवायला सुरुवात करायचे. पण माणूस मनापासून शिकवायचा. त्यांचं एक सांगणं असायचं, की मराठीत विचार करून इंग्लिशमध्ये बोलू नका, विचारच इंग्लिशमध्ये करा.

पहिल्या वर्षी सिद्धारामचं प्रेझेंटेशन होतं. तो पुढं जाऊन उभा राहिला आणि नुसता उभाच राहिला. सर वाट बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, काय झालं?

"इंग्लिशमध्ये विचार करायलोय, सर."

"मग?"

"अजून काय आलं न्हाय."

वर्ग हसून लोळला. सर हसले नाहीत. तास संपल्यावर त्यांनी त्याला व्हरांड्यात गाठलं आणि कन्नडमध्ये सांगितलं, की मलाही एमकॉम होईपर्यंत काही आलं नव्हतं.

सिद्धाराम म्हणतो, हे ऐकून त्याला जेवढा धीर आला, तेवढीच भीतीही वाटली.

*

लावण्या भवानी पेठेतली. घरी तेलुगू, वडील टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर. दुसऱ्या वर्षी आम्हाला प्रोजेक्ट होता. एखादा छोटा उद्योग निवडायचा, त्याचा अभ्यास करायचा आणि खर्च कसा कमी करता येईल ते सुचवायचं. लावण्यानं वडिलांचाच कारखाना निवडला. वडिलांनी तिला मालकाच्या केबिनमध्ये नेलं आणि सांगितलं, ही माझी मुलगी, मॅनेजमेंट शिकतेय. मालकानं तिला खुर्ची दिली, चहा मागवला. ती चहा पिईपर्यंत वडील बाजूला उभे होते. इतक्या वर्षांत त्या केबिनमध्ये ते पहिल्यांदाच इतका वेळ थांबले होते.

लावण्यानं पुस्तकात असतं तसं सगळं केलं. मालाची मागणी बघितली, विजेचा खर्च काढला आणि शेवटी सुचवलं की दोन पाळ्यांची गरज नाही, कमी माणसांत एका पाळीत काम भागेल. वर्गात सगळ्यात जास्त मार्क तिला पडले. रिपोर्ट वर्गापुरताच असतो असं ती धरून चालली होती, पण रिवाजाप्रमाणे कॉलेजनं त्याची एक प्रत कारखान्याला आभारासह पाठवली.

दिवाळीनंतर कारखान्याची दुसरी पाळी बंद झाली. लावण्याचे वडील दुसऱ्या पाळीला होते.

ती रडत सरांकडं गेली. सरांनी समजावलं, की मालकाचं आधीच ठरलेलं असणार, कॉलेजच्या पोरीच्या रिपोर्टवरून कोणी पाळी बंद करत नाही. ते खरंही असेल. पण मालकानं कामगारांना बोलावलं तेव्हा तोच रिपोर्ट हातात धरला होता आणि तिच्या वडिलांना म्हणाला होता, तुमचीच मुलगी सांगतेय.

वडिलांना राग आला असता तर बरं झालं असतं, असं लावण्या म्हणते. पण ते घरी आले, हातपाय धुतले आणि शेजाऱ्यांना सांगत बसले, "एवढा मोठा मालक, पण माझ्या पोरीचं ऐकला."

*

मधेच एक लहानसा. कॉलेजनं एका यशस्वी उद्योजकाचं व्याख्यान ठेवलं होतं. मूळचे सोलापूरचे, आता पुण्यात मोठा व्याप. व्याख्यान छान झालं. यशाचं पहिलं पाऊल कोणतं असं विचारल्यावर त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. म्हणाले, मी सोलापूर सोडलं.

टाळ्या पडल्या. प्राचार्यांनीही वाजवल्या. मग मागच्या बाकावरनं सिद्धाराम उठला आणि त्यानं विचारलं, की सर, ज्यांना सोडता येत न्हाय त्यांनी काय करायचं?

पाहुण्यांनी हसून उत्तर दिलं, "त्यांच्यासाठी तर मी वर्षातनं एकदा येतो की."

*

हा माझा. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत इंटर्नशिप करावी लागते. मी शोरूम फिरले, बँका फिरले, एका हॉटेलच्या मॅनेजरला तर दोनदा भेटले. कुणालाच फुकट काम करणारी मुलगीसुद्धा नको होती. शेवटी कॉलेजलाच दया आली आणि त्यांनी मला आपल्याच ऑफिसात घेतलं. काम काय, तर बारावी झालेल्या मुलांच्या घरी फोन करायचे आणि बीबीएला किती भविष्य आहे ते पटवून द्यायचं.

सुरुवातीला मी जीव तोडून बोलायचे. मॅनेजमेंट, कॉर्पोरेट, पॅकेज. लोक ऐकून घ्यायचे आणि मुलाला विचारून सांगतो म्हणायचे. एकदा दुधनीच्या एका गृहस्थांना फोन लागला. त्यांनी माझं सगळं अगदी शांतपणे ऐकलं. इतकं कोणी ऐकलंच नव्हतं, त्यामुळं मला वाटलं, ही अ‍ॅडमिशन नक्की. माझं बोलून संपल्यावर त्यांनी विचारलं, बाळ, तू स्वतः काय शिकतेस?

मी आनंदानं सांगितलं की बीबीएच, आता शेवटच्या वर्षाला जाईन.

"मग नोकरी लागली का तुला?"

मी म्हटलं, काका, कोर्स व्हायचाय अजून.

"बरं, बरं," ते म्हणाले. "मग लागली की फोन कर. तवर मी पोराला थांबवून ठिवतो."

ते चेष्टा करत नव्हते. त्यांनी माझा नंबर घेतला, नावही विचारलं. पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला होता. मी उचलला नाही.

*

आता शेवटचा. हा आम्ही दुसऱ्या कुणापुढं सांगत नाही, आपापसातच सांगतो. निकाल आधीच सांगून टाकते. यातली नोकरी आमच्यातल्या कुणालाच लागली नाही.

आमच्या खालच्या वर्षांना मुलंच पुरेशी आली नाहीत. त्यामुळं आम्ही पास होऊन बाहेर पडलो तसे बिराजदार सरांचे तिथले तासही संपले. हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. काही महिन्यांनी एका फायनान्स कंपनीची जाहिरात आली, सेल्स ऑफिसरची एकच जागा. आम्ही तिघंही गेलो. एका हॉटेलच्या हॉलबाहेर खुर्च्या मांडल्या होत्या आणि एका खुर्चीवर सर बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर फाइल.

आम्ही सवयीनं त्यांच्यापुढं उभेच राहिलो. लावण्याला वाटलं, सर मुलाखती घ्यायला आलेत. तिनं तसं विचारलंही.

"नाही गं," सर म्हणाले. "मी तुमच्याच रांगेत आहे. बसा."

आम्ही बसलो. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. सिद्धारामनं सरांसाठी पाणी आणलं, ते त्यांनी प्यायलं.

मग आम्हाला आत बोलावलं, ग्रुप डिस्कशनसाठी चौघांनाही एकत्रच. समोर कंपनीच्या मॅडम होत्या, आमच्याहून फार तर दोन-तीन वर्षांनी मोठ्या. त्यांनी विषय दिला, नोकरी देताना अनुभव महत्त्वाचा की नवा उमेदवार? मराठीत बोललं तरी चालेल म्हणाल्या.

मग लावण्यानं सुरुवात केली. अनुभवाला पर्याय नाही, अनुभवी माणूस दहा जणांना शिकवून तयार करतो, त्यालाच घ्यायला पाहिजे, असं ती टेबलाकडं बघत बोलली. सिद्धारामनं तिचीच बाजू उचलली. मीही तेच बोलले. आमचं काही ठरलेलं नव्हतं.

सर शांतपणे ऐकत होते. मग वर्गात बोलायचे त्याच आवाजात त्यांनी आमचे मुद्दे एकेक करून खोडले. अनुभवी माणूस थकलेला असतो, त्याला नव्या गोष्टी जमत नाहीत. ही मुलं हुशार असतात, कष्टाळू असतात, त्यांना पहिली संधीच कुणी दिली नाही तर त्यांना अनुभव येणार कुठनं? घ्यायचं तर यांनाच घ्या. लावण्या मधेच त्यांना तोडायला गेली, तर त्यांनी हातानंच तिला थांबवलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. आळीपाळीनं आमच्याकडं बघितलं.

"तुम्ही सगळेच स्वतःच्या विरोधात बोलताय," त्या म्हणाल्या. "कुणालाच नोकरी नकोय का?"

आम्ही तिघांनी सरांकडं बघितलं.

"हवी आहे, मॅडम," सर म्हणाले. "सगळ्यांनाच."