सुलभा सिस्टरचा थर्मास

सुलभा सिस्टर अडलेल्या बाईच्या पोटावर तळवा ठेवायच्या, मनगटावरच्या घड्याळाकडे बघायच्या आणि सोबतीला गेलेल्या मला आधी गप्प करायच्या. "काकी, तोंड मीट गो जरा. पोट काय सांगतंय ते कळू दे."

आंबेनळी घाटाखालच्या आमच्या वाड्यांना ही एकच नर्स. मूळची शिवथरकडची. खांद्याला बर्फाचा थर्मास, त्यात कळांची इंजेक्शनं. सुई टोचली की बाई सुटते, अशी आमची समजूत. त्यामुळे जी ती सासू तीच मागायची.

माझी संगीता पहिलटकरीण. सकाळी कळा आल्या, दुपारी थांबल्या. जावयाची रजा त्याच दिवशी संपत होती, पोराचं तोंड बघून मुंबईला जायचं म्हणून तो खोळंबलेला. मी म्हटलं, "दे की ती सुई! थर्मासात काय लोणचं घातलंयस?"

सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "गर्भाशयाला कान असतात काकी. पुस्तकात त्यांना रिसेप्टर म्हणतात. दिवस भरले की ते आपसूक वाढतात. हिचे अजून पुरते वाढले नायत. आत्तापासून सुईने हाका मारत बसले, तर हायत ते पण बधिर होतील. मग बाळ झाल्यावर गर्भाशय आवळायला पायजे, तेव्हा ऐकणारच नाय. रक्त थांबायचं नाय गो."

"मोठी आली कान मोजणारी!" मी फणकारले. जावई तसाच गेला. संध्याकाळपर्यंत सिस्टरच्या नावाने माझी बडबड चालू होती.

दुसऱ्या दिवशी मात्र खऱ्या कळा लागल्या. उपकेंद्रातच मुलगी झाली. ती रडली न रडली, तोच सिस्टरने थर्मास उघडून संगीताला सुई दिली. वार पडली, पण रक्त येतच राहिलं. खालची चादर भिजली. महाडला न्यायला गाडी बोलावली. सिस्टर संगीताचं पोट चोळत होत्या.

मग त्यांनी माझा हात ओढून लेकीच्या पोटावर ठेवला. तळव्याखाली ते मऊ पोट आवळत गेलं, नारळासारखं घट्ट झालं. रक्त ओसरलं. "ऐकलं बघ," सिस्टर म्हणाल्या. गाडी अजून वाटेतच होती.

गेल्या वर्षी सिस्टर वारल्या. नातीला घेऊन मी महाडला, त्यांच्या लेकाकडे गेले. बायका म्हणाल्या, "काकी, तुम्ही तरी काही बोला."

मी सिस्टरच्या गार हातावर तळवा ठेवला आणि तोंड मिटून बसून राहिले.