नाठाळ माऊस

गल्लीच्या तोंडाशी एकाचं पत्रिका छापायचं दुकान होतं. दुकानात कॉम्प्युटर एकच आणि त्याचा माऊस भलता नाठाळ. पडद्यावरचा बाण अडला की दुकानदार ओरडायचा, "आरं मुडद्या, हल की!" मग माऊस उलटा करून आतली रबरी गोळी काढायची, चाकांवरचा मळ नखानं खरवडायचा, गोळी शर्टाला पुसून परत बसवायची. तोवर 'मुडद्या'चा जप चालूच. रस्त्यावरची माणसं हसायची. मला मात्र त्याचं ते तोंड आवडायचं नाही.

एका दुपारी मी तिथं बसलो असताना एक म्हातारा आला. त्याला मुलाच्या रक्षाविसर्जनाचं पत्रक हवं होतं. "बसा, पावणं," दुकानदार म्हणाला. मुलाचा फोटो जागेवर नेताना बाण अडला. मी दचकून दुकानदाराकडं पाहिलं. त्यानं माऊस गपचूप बाजूला सारला आणि कीबोर्डची बटणं दाबत फोटो हळूहळू सरकवला. वेळ लागला, पण पत्रक झालं.

म्हातारा गेल्यावर मी विचारलं, "आज माऊस का नाही पुसला?"

"त्येला हात लावला असता," तो म्हणाला, "तर तोंड गप ऱ्हायलं नसतं की."